पेटीतल्या हवेचा रस्ता

कुणाच्या घरी रेडिओवर विणलेलं आवरण दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो. परकं घर असेल तर मी तो मांडीखाली दाबून बसते. पण मग समोरच्याच्या बोलण्यात लक्ष राहत नाही. रेडिओ केव्हापासून चालू असेल, मागची भोकं भिंतीला टेकली आहेत का, आवरण मागून किती खाली आलंय, हेच डोक्यात फिरत राहतं. ही काळजी मूळची माझी नाही. एका घरात भाड्याने राहिले, तिथून ती माझ्याबरोबर आली.

ते घर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचं. शिरपूरहून रिसोडला जाताना रस्त्यावर एक गाव लागतं, तिथल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला गेले होते. नोकरी पहिलीच. शिक्षण नागपूरला, कॉन्व्हेंटमध्ये. मराठी घरात बोलायचे, पण चारचौघांत प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून पाहायचे, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. शिवाय आमच्या घरी आडनाव मोठ्याने सांगायची पद्धत नव्हती. वडील रेल्वेत. कुणी विचारलं तर ते नोकरी सांगायचे, गाव सांगायचे, आणि तेवढ्यावर भागवायचे. मीही तेच शिकले होते.

गावात खोली बघायला गेले तर उंबऱ्यावरच विचारणा व्हायची. सरांनी काहीच विचारलं नाही. खोली उघडली आणि ते सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसले. भिंतीत, फरशीला लागून, विटेएवढा झरोका होता. त्यात त्यांनी हात घातला.

"हे भोक कधी बुजवू नका मॅडम. उंदीर येईन, येऊ द्या. वरची खिडकी सगळेच उघडतात. पन हवेले आत याले खालून जागा नसन, तं ते वरून बाहीर कायले जाईन?"

भाड्याचं बोलणं सरांच्या बायकोने, वहिनींनी, केलं.

सर उंच, काटकुळे. शर्टाचं वरचं बटन गळ्यापर्यंत लावलेलं आणि खालची दोन कायम उघडी. वहिनी म्हणायच्या, दर्जीही आता ती खालची दोन काजं करत नाही. खिशात पेनाशेजारी अगरबत्तीचा पुडा. कुठल्याही खोलीत शिरताना ते उंबऱ्यावर क्षणभर थांबत आणि वासावर असल्यासारखे मान फिरवत. परीक्षेच्या दिवशी पोरांनी झरोक्यांसमोर दप्तरं रचून ठेवली की पर्यवेक्षण सोडून दप्तरं हलवत बसत. हेडमास्तर चिडत. सर म्हणत, "डोकं गरम झाल्यावर गणित कसं येईन त्याईले?"

मला एकदा म्हणाले, "तुमी बोलत नाही मॅडम. आत लय गरम होत असन." वहिनी हसल्या. मी ताटात बघत राहिले. 

सगळ्या वेडाच्या मुळाशी एक पेटी होती. लोखंडी पत्र्याची, कपड्यांच्या ट्रंकेसारखी, आणि सरांनी स्वतः जोडलेली. आत रेडिओत असायचे तसे काचेचे वॉल्व्ह ओळीने उभे, शेजारी जड ट्रान्सफॉर्मर. माइकचा आवाज मोठा करून भोंग्याकडे पाठवणारं यंत्र. गावात त्याला नुसतं मशीन म्हणत. चालू केलं की वॉल्व्ह लालसर उजळत, खोलीत तापलेल्या धुळीचा वास सुटे आणि सरांचं घास घेणं थांबे. ते पेटीच्या तळाशी अगरबत्ती धरत. तळाला भोकं होती, झाकणावर छोटंसं धुराडं. धूर खालून आत शिरला, वॉल्व्हच्या मधून वर चढला आणि धुराड्यातून सरळ निघाला तर ते जेवायला येत. मध्येच कुठे घुटमळला तर नाही.

शेजारच्या बायांना यात वेगळंच दिसलं. ज्या माणसाच्या घराने दीक्षेनंतर देव्हारा उचलून ठेवला, तोच माणूस आता रोज संध्याकाळी पेटीसमोर उदबत्ती ओवाळतो!

"काहून जी सर, नवा देव आनला काय?"

"हो," सर म्हणाले. "याले फक्त हवा लागते. नारळ नाही."

वहिनींचं दुखणं निराळं होतं. त्यांच्या लग्नातला टेबलफॅन पेटीला गेला होता. सरांनी तो आधी झाकणावर, खाली तोंड करून बांधला. पेटी अजूनच तापली. खालून गरम हवा वर यायला निघाली की वरून पंखा तिला परत आत ढकलत होता. हे ध्यानात यायला सरांना पंधरवडा लागला, आणि तेवढे दिवस ऐन ऑक्टोबरच्या उन्हात वहिनी पुठ्ठ्याने वारा घेत होत्या.

"मशीनले पंखा, अन् बायकोले पुठ्ठा," त्या म्हणायच्या. "सांगजा मॅडम तुमच्या नागपूरले."

मग त्यांनी तळाच्या भोकांवर धूळ अडवायला वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावला. तुरीच्या भुशाने तो असा दाटला की हवाच बंद झाली. पेटी जळायची वाचली. 

हे सगळं कशासाठी, हे मला वहिनींनी सांगितलं. आम्ही दोघी अंगणात गहू निवडत होतो.

आदल्या साली एप्रिलमधल्या जयंतीला रिसोडहून भोंगेवाला आणला होता. भाषणं झाली, पोरांची गाणी झाली. शेवटी सरांच्या आईचं गाणं होतं. आजींनी ते स्वतः रचलेलं. जन्मभर शेतात निंदताना, जात्यावर दळताना गात आलेली बाई, पण माइक पहिल्यांदाच हातात आलेला. गाणं गावच्या मोठ्या विहिरीचं होतं. लहानपणी त्या घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या, कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा ओतेल. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. पण विहीर सगळ्यांना ठाऊक होती, आणि विहिरीवर कोण उभं असायचं तेही.

आजींनी पहिलं कडवं म्हटलं. तेवढ्यात वरच्या आळीतला एक माणूस भोंगेवाल्याजवळ आला, कानाशी काही बोलला आणि गेला. भोंगेवाल्याने बटन फिरवलं.

"मशीन गरम झाली," तो म्हणाला. "आता बंदच ठेवा लागते. नाही तं जळते."

आजी माइक तसाच धरून उभ्या होत्या. त्याने तो हातातून काढून घेतला, वायर गुंडाळली आणि निघाला. त्याच संध्याकाळी वरच्या आळीत लग्न होतं. तिथे तोच भोंगा पंगती उठेपर्यंत वाजत होता.

"तवापासून बुढीनं गान्याचा शब्द काढला नाही तोंडातून," वहिनी म्हणाल्या. "आता दमही लागते तिले. या साली म्हनलं तं म्हनलं, नाही तं राहिलंच."

आणि सर?

सरांचं काय सांगायचं. रात्रीच्या जेवणाला मी त्या घरातला माझा पहिला प्रश्न विचारला. म्हटलं, सर, लग्नात तर तीच मशीन चालली ना?

त्यांचा चेहरा उजळला. इतके महिने कुणी हे विचारलंच नव्हतं.

"तथी ते ओट्यावर होती मॅडम, फरशीवर. अन् आपन काय केलं? मान म्हनून खाली सतरंजी घातली. चांगली जाड, दुहेरी. तळाची भोकं बुजली. मंग गरम नाही होईन तं काय होईन? चूक आपली हाये."

वहिनींचा पळीचा हात थांबला. आजी कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या, त्या कातरतच राहिल्या.

"त्यानं सांगतलं ना गरम झाली म्हनून," सर म्हणाले. "मानूस उगाच कायले खोटं बोलन?"

मला भीती वाटली. मी अशा घरातली, जिथे साध्या प्रश्नामागे काय आहे ते आधी तपासलं जायचं. आणि हा माणूस सगळ्या गावाला कळलेला अपमान उचलून घरी घेऊन आला होता, आणि त्यात हवा कुठे अडते ते शोधत होता.

मार्चमधल्या एका रविवारी ते रिसोडला निघाले. पिशवीत हाताने फिरवायची ड्रिल, अगरबत्ती आणि ती सतरंजी.

"त्याले दाखवून देतो. चार भोकं बाजूले पाडून दिली की झालं. बिचाऱ्याच्या धंद्याचं नुकसान होते, अन् त्याले मालूमच नाही."

मला वह्या घ्यायच्या होत्या, म्हणून मीही एस.टी.त बसले. खरं तर वहिनींनी डोळ्याने खुणावलं होतं.

दुकान बाजाराच्या मागे होतं. भिंतीला भोंगे टांगलेले. भोंगेवाला सरांना पाहून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"या या सर. च्या सांगतो."

सरांनी चहाचं ऐकलंच नाही. सतरंजी दुहेरी करून फळीवर पसरली. "मशीन आना तुमची. तुमची चूक नोती, हे दाखवा लागते तुमाले."

त्याने मशीन आणली. सरांनी ती उलटी केली. तळ सपाट होता. पत्रा, चार पाय, बस. एकही भोक नाही. भोकं दोन्ही बाजूंना होती, हातभर लांबीची छान जाळी, धूळ पुसलेली.

सरांनी तळावरून बोट फिरवलं. मग त्यांनी मशीन सतरंजीवर सरळ ठेवली, चालू केली आणि बाजूच्या जाळीशी अगरबत्ती धरली. धूर आत गेला आणि वरून सुतासारखा सरळ निघाला. ते उभेच राहिले. चहा आला, त्यावर साय धरली. अगरबत्ती संपली. मग त्यांनी मशीनवर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"थंडी हाये," ते म्हणाले.

भोंगेवाला म्हणाला, "सर, आमचा धंदा हाये. सगळ्याईसंगं राहा लागते."

"तुमच्या मशीनमंधी काही दोष नाही," सर म्हणाले. एखाद्या पोराला बरोबर उत्तराचे गुण द्यावेत तशा आवाजात.

मग ते सतरंजीची घडी करायला लागले. ती काही केल्या नीट होईना. मी दुसरं टोक धरलं. दुकान लहान होतं, दोघांना मागे सरकायला जागा नव्हती, आणि भोंगेवाला भिंतीला चिकटून उभा होता.

परतीच्या गाडीत सरांना खिडकीची जागा मिळाली. काच लावलेली होती. त्यांनी ती उघडली नाही.

त्यानंतर घरात एक वेगळीच काळजी शिरली. आधी पेटी हा सरांचा खेळ होता. बिघडली तर बिघडली, नवीन काही शिकायला मिळे. आता ती बिघडून चालणार नव्हती. आपलीच मशीन, आपल्याच माणसाची, आणि तीसुद्धा आजींच्या गाण्यात गप्प झाली, तर वरच्या आळीत काय हशा होईल हे सरांना आता दिसत होतं. इतके दिवस ते दिसत नव्हतं तेच बरं होतं.  टेबलफॅन त्यांनी एके दिवशी न सांगता वहिनींच्या खाटेशी आणून ठेवला. मैदानात व्होल्टेजचा भरवसा नाही, पंख्यावर विसंबायचं नाही, असं म्हणाले. वहिनी पंख्याकडे बघत बसल्या, पण त्यांनी तो लावला नाही.

आजी मात्र काहीच बोलत नव्हत्या. गाणार की नाही हेही नाही. सर पेटी तपासत असले की फक्त एवढंच म्हणायच्या, "पाह्य बाबू, पाह्य. तुहं होऊ दे."

जयंतीच्या दोन-तीन दिवस आधी सर माझ्या दाराशी आले.

"मॅडम, त्या दिवशी पेटीजवळ तुमी बसान काय? मले तारा पाहा लागतीन, माइक पाहा लागन. तुमचं ध्यान असते. लोकाईले वाटते नसते, पन असते."

मी हो म्हटलं आणि मग माझंच जेवण सुटलं. पेटी मंडपाच्या कडेला राहणार, सगळ्यांसमोर. रस्त्यावरून शाळेची मंडळी जाणार-येणार. वर्षभर जो प्रश्न मी हळूच टाळत आले होते, त्याचं उत्तर मी तिथे नुसती बसून देणार होते. आणि वर पेटी. ती जळली तर माझ्या हाताखाली जळणार.

जयंतीच्या दिवशी ऊन उतरेपर्यंत पत्र्याला हात लावता येत नव्हता. सरांनी पेटी चार विटांवर ठेवली, खाली मोकळी जागा सोडून. "हात ठेवून पाहात राह्यजा. हात ठेवता आला तं चालू. धूर वर गेला तं चालू. एवढंच."

मिरवणूक आली. भाषणं सुरू झाली. मी विटांपाशी बसून अगरबत्तीवर अगरबत्ती लावत होते आणि धुराड्याकडे बघत होते. धूर वर जात होता. हेडमास्तर रस्त्यावरून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धुराकडे पाहिलं.

शेवटचं भाषण संपताना भोंगा खरखरला. तो कडुनिंबावर बांधला होता, तिथली तार सैल झाली होती. सर चपला टाकून झाडावर चढले. इकडे आजींना माइकपाशी आणून बसवलं. आणि तेवढ्यात वस्तीतल्या बाया आल्या.

त्यांच्या हातात एक आवरण होतं. पांढऱ्या दोऱ्याचं, क्रोशाचं, कडेने निळी फुलं. कितीतरी दुपारी बसून विणलेलं असणार. वर्षभर एका घरात पेटी तयार होत होती आणि शेजारच्या घरांत तिचं आवरण. कुणी कुणाला बोललं नव्हतं. चांगली वस्तू उघडी ठेवायची नाही, घरात रेडिओ आला की त्याला आवरण पाहिजेच, हे कुणाला सांगावं लागतं? त्यांनी पेटी झाकली, चारी कोपरे सरळ केले आणि वर झेंडूचा हार ठेवला. बरोबर धुराड्यावर.

आजींनी घसा साफ केला. मी हात ठेवला. पत्र्याचा चटका बसला. खाली पाहिलं तर धूर आत जात नव्हता. भोकांपाशी गोल फिरून माझ्याच तोंडावर येत होता.

बोलायचं होतं. वाक्य मनात जुळवलं. मोडलं. पुन्हा जुळवलं. शेवटी हात पुढे केला आणि आवरणाचं टोक उचललं.

"काहून वं बाई?" एक म्हातारी कडाडली. "आमच्या हातचं चालत नाही काय तुमाले?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. हेच, नेमकं हेच, कुणी विचारू नये म्हणून मी वर्षभर दार लावून बसले होते.

"चालते," मी म्हटलं.  "माझी आजीबी विणते. आमच्या घरीबी... जयंतीले... असंच असते." वाक्य कुठल्या भाषेत निघालं कुणास ठाऊक. पुढे येईना. मी अगरबत्ती तिच्या हातात दिली आणि तिचा हात धरून विटांपाशी नेला.

ती वाकली. धूर तिच्या नाकात गेला. तिने पुन्हा धरून पाहिली.

"अवं माय! हे तं उलटं येऊन राह्यलं!"

पुढचं काम तिनेच केलं. हार उचलला, आवरण ओढून काढलं, आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून माझ्या डोक्यावर टाकलं. "धर. तूच पांघर." बाया हसल्या. मग कुणी पदराने, कुणी हातातल्या कागदाने पेटीला वारा घालायला लागल्या, वरून, जोरजोरात.

"खालून!" निंबावरून सर ओरडले. "वरून नका घालू वं! खालून, खालून!"

ते घसरतच खाली उतरले. कोपर सोललं होतं. पेटीजवळ बसून त्यांनी माझ्या हाताशेजारी हात ठेवला. बाया जमिनीवर बसून विटांमधून वारा घालत होत्या. धूर एकदा घुटमळला, मग आत ओढला गेला. पण पत्रा अजून तापलेलाच होता. सरांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. दुसरा हात बटनाकडे गेला आणि तिथेच थांबला.

आजी गायला लागल्या होत्या. आवाज बारीक, थोडा थरथरणारा, पण भोंग्यातून तो निंबाच्या वर जात होता, वरच्या आळीपर्यंत. पहिलं कडवं संपलं. पुढचं विहिरीचं.

आजी थांबल्या.

 माइक चालूच होता. त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा प्रश्न साऱ्या गावाला ऐकू गेला.

"काय रे बाबू? मशीन गरम झाली काय?"

सरांनी बटनावरचा हात काढून घेतला आणि तोही पेटीवर ठेवला.

"झाली माय," ते ओरडून म्हणाले. "होऊ दे. तू म्हन."

आणि आजींनी विहिरीचं कडवं म्हटलं.